जांभळ्या सायकलची अडकलेली सीट

मोठ्या शेठचा फोन ठेवला, तर लगेच छोट्या शेठचा आला.

मोठे, म्हणजे महेश शेठ, म्हणाले होते की सायकलचा जुना जांभळा रंग बिलकुल घालवायचा नाही. छोटे, म्हणजे दिनेश शेठ, म्हणाले, “ताई, तो जांभळा रंग काढून टाका. शोरूमच्या भिंतीला क्रीम कलर देऊन राह्यलो आम्ही. त्याच्यावर काळी मॅट सायकल शोभंल.”

मी दोघांनाही “बरं” म्हणाले.

फोनवर मला दुसरा शब्द सुचत नाही. माणूस समोर असला तर हासुद्धा सुचत नाही. म्हणून दुकानात मी रस्त्याकडे पाठ करून बसते, आणि पुढच्या स्टुलावर माझे सासरे बसतात. आम्ही त्यांना मामंजी म्हणतो. दुकान त्यांनीच काढलं. आता त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण बोलायला डोळे लागत नाहीत. माझा नवरा बियाणं कंपनीच्या गोडाऊनवर कामाला आहे, त्याला सायकलमधलं काही कळत नाही. मी चौथी शिकून कुंभार पिंपळगावहून इथं जुन्या जालन्यात सासरी आले. आधी पंक्चर शिकले. मग चाकाचा आउट काढायला शिकले. चाक फिरताना डगमगत असेल तर तारा कसून ते सरळ करायचं, त्याला आउट काढणं म्हणतात. पुढं सगळंच माझ्याकडे आलं.

व्हिंटेज हा शब्द मला गिऱ्हाइकांनी शिकवला. त्याआधी ती माझ्यासाठी नुसती जुनी सायकल होती. एका डॉक्टरांची तीस वर्षांपूर्वीची माउंटन बाइक मी नीट करून दिली. माउंटन बाइक म्हणजे जाड टायरची, आडव्या हँडलची, खडकाळ रस्त्यावर चालणारी सायकल. डॉक्टरांनी तिचा फोटो कुठंतरी टाकला. तेव्हापासून लांबलांबून अशा सायकली येतात. लोक त्या खूप प्रेमाने आणतात. प्रेमाने आणलेल्या सायकलीचं काम सगळ्यात वाईट, कारण घरातल्या प्रत्येकाचं प्रेम वेगळं असतं.

ही जांभळी सायकल दोघा शेठच्या वडिलांची. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात. आमच्या गल्लीपासून थोडं पुढं त्यांचं कापडाचं दुकान आहे. घराणं मूळचं राजस्थानचं, पण बाबूजी जालन्यातच जन्मले आणि माझ्यापेक्षा अस्सल जालन्याचं बोलतात. ही बाहेरच्या देशातली सायकल त्यांनी जवान असताना मुंबईहून आणली होती. आता दुकानाचं मोठं शोरूम होत होतं आणि सायकल भिंतीवर टांगायची होती. खाली एक पाटी लावणार होते. पाटीवर काय लिहायचं यावरूनही दोघांचं जमत नव्हतं. तेही मला फोन करून सांगायचे. पाटीचं मी काय करणार?

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. “सीट जाम आहे, ताई. तिला हात लावू नका. भिंतीवर कोण बसणार?”

ते ऐकून मला बरं वाटलं होतं. जाम सीट हे आमच्या कामातलं सगळ्यात कटकटीचं काम.

मी चाकं काढली, ब्रेक धुतले, अंगठ्याने ढकलायचे जुने गियर खोलून साफ केले. सीटच्या खाली, जिथं सीटची नळी फ्रेममध्ये शिरते, तिथं ती आवळून धरायला एक बोल्ट असतो. त्याचं डोकं पार चेंबलं होतं. कोणीतरी हातोड्यानं ठोकल्यासारखं. मला वाटलं, कोणा मिस्त्रीने राग काढला असेल. मी त्या मिस्त्रीला मनातल्या मनात बरंच बोलले.

मग एक दिवस दुकानासमोर ऑटो थांबला आणि त्यातून काठी टेकत बाबूजी उतरले. एकटेच.

“माझी सायकल कुठं आहे?” त्यांनी मामंजींना विचारलं.

“आत हाय. सून करून राह्यली.”

बाबूजी आत आले. सीटवर हात ठेवून उभे राहिले. सीट त्यांच्या कमरेच्या बरीच वर येत होती. जवानीत उंच असतील. आता वाकले होते.

“बाई, ही सीट इतकी खाली करायची.” त्यांनी वीत दाखवली. “दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. डॉक्टरानं सांगितलंय, पाय टेकत असतील तर चालवा, न्हाई तर विचार सोडा.”

मी मामंजींकडे पाहिलं. मामंजी म्हणाले, “पण शेठ, तुमचे पोरं तर भिंतीवर टांगायची म्हणून राह्यले.”

“भिंतीवर मला पण टांगणारच आहेत, हार घालून. सायकलला इतकी जल्दी कशाला?”

मामंजी हसले. बाबूजी हसले नाहीत.

त्यांनी सांगितलं की पूर्वी ते दर चतुर्थीला या सायकलीवर राजूरच्या गणपतीला जायचे. पहाटे निघायचे, दर्शन घेऊन दुकान उघडायच्या वेळेला परत. तब्येत बिघडली तेव्हा बंद झालं. “आता पुरा रस्ता होणार न्हाई, मला माहीत आहे. पोरं कारनं न्यायला तयार आहेत. पण राजूरच्या अलीकडं उतरून देवळापर्यंत मी माझ्या सायकलवर जाईन. ही अंगारकी. पुढच्या अंगारकीचं कुणी सांगावं.” जाताना म्हणाले, “पोरांना मी सांगतो. तुम्ही काही बोलू नका.”

न बोलणं मला जमतं. पण त्यांनी पोरांना सांगितलं नाही, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मोठ्या शेठचा फोन आला तो भिंतीत हूक कुठं मारायचा हे विचारायला.

आता जाम सीट म्हणजे काय ते सांगते. फ्रेम लोखंडाची असते. तिच्या आत सीटची जी नळी जाते, ती या सायकलीत अल्युमिनियमची होती. दोन वेगळे धातू एकमेकांत घट्ट बसलेले. मधे ग्रीस असेल तर काही होत नाही. ग्रीस वाळलं आणि पाणी शिरलं, की अल्युमिनियमवर पांढरी बुकणी धरते, ती फुगते, आणि नळी अशी अडकते की जणू वेल्डिंग केलीय.

मी आधी तेल सोडलं. रोज सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. फ्रेमला मागच्या बाजूने एक फट असते, बोल्ट आवळला की ती मिटते. त्या फटीतून तेलाबरोबर लालसर पिवळा चिखल बाहेर आला. गंज लाल असतो, पिवळा नसतो. मी चाकाच्या तारेनं ती फट कोरली, तर नारळाच्या शेंडीचे धागे निघाले. इतक्या वर्षांत सायकलीतून मी विंचू काढलाय, मुंगळे काढलेत, एकदा नाकातली सोन्याची मुरणी काढून परत दिलीय. नारळ पहिल्यांदाच निघाला. मामंजींना दाखवलं. ते म्हणाले, “उंदरानं नेला असंल.”

उंदीर एवढ्या फटीत काय करणार?

तेलाने काही झालं नाही. फ्रेमवर उकळतं पाणी ओतलं आणि नळीवर बर्फ धरला. म्हणजे फ्रेम फुगावी आणि नळी आकसावी. बर्फ वितळला, उकळतं पाणी माझ्या पायावर आलं, नळी जागची हलली नाही. मधल्या काळात छोट्या शेठने मॅट काळ्याचे फोटो पाठवले. मोठ्या शेठने ते फोटो बघू नका असं सांगायला फोन केला. मी बरं म्हणाले.

शेवटी मी फ्रेम उलटी केली, नळीचं वरचं टोक व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात आवळलं, आणि मामंजींना हाक मारली. यात नळी फिरवायची नसते, अख्खी फ्रेमच लिव्हरसारखी फिरवायची असते. मी एका बाजूने, ते दुसऱ्या बाजूने. आम्ही जोर लावला. कच्च असा आवाज झाला आणि फ्रेम फिरली.

“निघाली का?” मामंजींनी विचारलं.

“निघाली. अर्धी.”

वरचा तुकडा तुटून व्हाइसमध्ये राहिला होता. खालचा फ्रेमच्या आत तसाच. आता धरायलाही काही उरलं नव्हतं. मी तिथंच जमिनीवर बसले. मला बाबूजींचा राग आला, त्यांच्या पोरांचा आला, त्या मुंबईच्या दुकानदाराचाही आला, ज्यानं नळीला बोटभर ग्रीस लावून दिलं नाही.

आणि नेमके तेव्हाच महेश शेठ भिंतीचं माप घेऊन आले.

“ताई, सीट कुठं आहे?”

मी व्हाइसकडे बोट दाखवलं.

“हात लावू नका म्हणलं होतं ना? दोघांनी सांगितलं होतं.”

मामंजींना गप्प बसता येत नाही. “बाबूजी आल्ते.”

“इथं? कुणासंग?”

“एकलेच आल्ते. ऑटोनं.”

महेश शेठ मामंजींच्या स्टुलावर बसले. मामंजी उभेच राहिले. आधी मला वाटलं, आता ओरडतील. पण ते हळू बोलायला लागले. “ताई, मागं ते न्हाणीत पडले. तासभर कुणाला पत्ता न्हाई. तवापासून जिन्यावर पण आम्ही त्यांना एकटं सोडत न्हाई. ही सायकल पोर्चमधी होती ना, ते रोज तिला पुसायचे. पुसता पुसता एक दिवस बसतील, हे मला दिसत होतं. म्हणून शोरूमचं काढलं मी. दिनेशला वाटतं डेकोरेशनसाठी आहे. तसंच वाटू द्या त्याला.” मग तुटलेला तुकडा हातात घेऊन म्हणाले, “असं करा, ही वरून चिकटवून द्या. दिसायला बराबर दिसली म्हणजे झालं. बाबूजींना सांगू की न्हाई निघाली. तुमचा पण त्रास वाचंल.”

मी बरं म्हणाले. ते गेले.

त्यांचं चुकीचं नव्हतं. माझे वडील असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. आणि खरंच, चिकटवून दिली असती तर संध्याकाळपर्यंत मी मोकळी झाले असते. पण मी बाबूजींना सीटवर हात ठेवून उभं राहिलेलं पाहिलं होतं. तो माणूस भिंतीवरची सायकल कोणाकडून तरी उतरवून घेणार, आणि एक दिवस त्या चिकटवलेल्या सीटवर बसणार. मग काय होईल, ते मला सांगायला नको. सायकल दिसायला कशी का असेना, तिच्यावर माणूस बसेल असं धरूनच काम करायचं असतं.

मामंजींना मी एवढंच म्हणाले, “आतली काढावी लागंल.”

“ओढायची कशानं?”

ओढता येणार नव्हती. मग मला पातेल्याची आठवण झाली. एकदा जावेने धुण्याच्या सोड्याचं पाणी अल्युमिनियमच्या पातेल्यात विसरून ठेवलं होतं. पातेलं काळं पडलं, आणि घासलं तर त्याला खड्डे. धुण्याचा सोडा एवढं करतो, तर नाल्या साफ करायचा कॉस्टिक सोडा अल्युमिनियम खाऊनच टाकेल. लोखंडाला तो काही करत नाही. नळी निघत नसेल तर विरघळवायची.

वाचायला सोपं वाटतं. कॉस्टिक कातडीवर पडला तर कातडी जाते. मी रबरी हातमोजे घातले, डोळ्यांवर नवऱ्याचा गाडीचा चष्मा लावला, आणि फ्रेम दुकानामागं मोकळ्या जागेत बांधली. त्यातून निघणारा वायू पेट घेतो, म्हणून मामंजींची बिडी आणि काडेपेटी दोन्ही काढून घेतली. त्याचा त्यांना इतका राग आला की दुपारभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पायडल फिरतात तो मधला भाग मी आधीच खोलला होता. तिथून आत लाकडाचं बूच मारलं, ट्यूबचं रबर गुंडाळून. म्हणजे खालून गळणार नाही. मग वरून सोड्याचं पाणी हळूहळू सोडलं. आत फसफसायला लागलं. फ्रेम हाताला गरम लागत होती.

सगळं बराबर चाललं होतं. पण पाण्याची बाटली अडकवायला फ्रेमच्या त्या नळीवर दोन बारीक भोकं असतात. वरचं मी मेणानं बुजवलं होतं. खालचं रंगाखाली लपलेलं, माझ्या लक्षातच आलं नाही. तिथून पाणी झिरपलं आणि जांभळ्या रंगावरून खाली ओघळलं. मी पाणी मारेपर्यंत बोटाएवढी पट्टी सोलून निघाली. कॉस्टिक रंगही खातो.

ज्या रंगासाठी दोन भाऊ इतके दिवस माझं डोकं खात होते, तो रंग.

भोक बुजवलं आणि पुन्हा सोडा भरला. फसफसणं थांबलं की काळं पाणी उपसायचं आणि नवीन भरायचं. असं करत करत नळीचा कागद झाला. मग पक्कडीने धरून मी तो आतल्या आत दुमडला आणि बाहेर ओढला. मामंजी लगेच बोलायला लागले, कारण बिडी परत मिळणार होती.

त्या मापाची नवी नळी कुठंच मिळाली नाही. या जुन्या परदेशी सायकलींची मापं केसाकेसाने वेगळी असतात. एमआयडीसीतल्या लेथवाल्याने स्टीलची करून दिली. “उद्या देतो” असं तो इतक्या वेळा म्हणाला की शेवटी मी त्याच्या दारात स्टूल टाकून बसले. मी काही बोलले नाही. नुसती बसले. त्याला तेच सहन झालं नाही, आणि त्याने ती करून दिली.

मग मी स्वतःहून फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा. महेश शेठना म्हणाले, “सीट निघाली. बाबूजींना घेऊन या.”

महेश शेठ म्हणाले, “तुम्ही बरं म्हणला होता ना, ताई?”

“मी सगळ्यांनाच म्हणते,” मी म्हणाले.

तिघंही आले. महेश शेठने घरी काय सांगितलं, मला माहीत नाही. पण छोट्या शेठला सगळं कळलेलं दिसत होतं, आणि ते भावावर चिडलेले होते. सीट मी वीतभर खाली केली होती. बाबूजींनी काठी मामंजींकडे दिली आणि बसले. दोन्ही तळपाय जमिनीला पुरे टेकले. त्यांनी खाली पायांकडे बघितलं.

गल्लीत तेव्हा धान्याचे टेम्पो लागलेले नव्हते, रस्ता मोकळा होता. बाबूजी निघाले. एका बाजूने महेश शेठने हँडल धरलेलं, मागून दिनेश शेठ सीट धरून पळताहेत. चांगल्या इस्त्रीच्या कपड्यात दोघं मोठाली माणसं.

“सोडा,” बाबूजी म्हणाले.

“न्हाई, बाबूजी, असंच चला.”

“दिनेश, तुला असंच शिकवलं होतं मी. पण मी सोडलं होतं.”

आधी दिनेश शेठने सोडलं. महेश शेठने नंतर. ते हात पुढं करून थोडं अंतर तसेच चालत राहिले. बाबूजी कोपऱ्यावरच्या भुसार दुकानापर्यंत गेले, पाय टेकवून वळले, आणि परत आले. घामाने भिजले होते. मोठ्या शेठकडे न बघता म्हणाले, “ब्रेक चांगले लागतात.”

सोललेल्या पट्टीवर मी काळा रंग लावला होता. बाकी जांभळं तसंच ठेवलं. छोटे शेठ म्हणाले, “बघ, ताईनं काळा घातलाच.” मोठे म्हणाले, “कुठं? जांभळीच आहे.” मी हातातलं फडकं पिळत राहिले.

अंगारकीच्या आदल्या दिवशी तिघं सायकल न्यायला आले. बरोबर हळद, कुंकू, नारळ. माझ्या दुकानातच पूजा करून न्यायची म्हणाले. दिनेश शेठने हँडलला हळद-कुंकू लावलं, मग सीटच्या बोल्टला भरपूर लावलं, आणि नारळ हातात घेऊन बोल्टवर नेम धरला.

“तिथं का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“आमचं असंच असतं, ताई. दसऱ्याला सगळ्या गाड्यांवर नारळाचं पाणी सोडतो. कारला बॉनेट असतं. सायकलला कुठं आहे? मंग आई सांगायची, बोल्टवर फोडा, बसणाराला पावतं. किती वर्षं झाली, एक दसरा चुकला न्हाई. पोर्चमधी उभी होती तवा पण न्हाई.”

तो चेंबलेला बोल्ट. लाल-पिवळा चिखल. शेंडी. ज्या मिस्त्रीला मी इतके दिवस शिव्या दिल्या, तो नव्हताच. दर वर्षी या भल्या लोकांनी भक्तिभावाने फटीतून नारळाचं खारट-गोड पाणी आत सोडलं होतं, आणि वरून सीट जाम आहे म्हणून मलाच सांगत होते.

“तिथं नका फोडू,” मी म्हणाले. “पाणी आत जातं. त्यानंच जाम झाली होती.”

मी म्हणाले खरी, पण मला जेवढं मोठ्यानं बोलता येतं तेवढंच. बाहेर ऑटो हॉर्न वाजवत होता, मामंजी बाबूजींना सांगत होते की सगळा सोडा त्यांच्याच नजरेखाली टाकला. मी पुन्हा म्हणाले. दिनेश शेठने मान डोलावली, “हो हो, ताई,” आणि नारळ बोल्टवर आपटला. पहिल्या दणक्यात फुटला. सगळ्यांना आनंद झाला. पाणी सीटच्या नळीवरून खाली आलं.

आणि रबरावरून घरंगळून जमिनीवर पडलं.

सकाळीच मी जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून, बांगडीसारखा, नळी आणि फ्रेमच्या जोडावर चढवला होता. फट पूर्ण झाकून, बोल्टचं डोकं तेवढं बाहेर ठेवून. नारळ तिथंच फोडतात हे मला माहीत नव्हतं. पण एवढं माहीत होतं की या घरातून काहीतरी पाणी त्या फटीत जातं, आणि ते मी सांगून थांबणार नाही.

बाबूजी राजूरला गेले. महेश शेठ शेजारून चालत होते, दिनेश शेठ मागून कार घेऊन. देवळाच्या पायऱ्यांशी लोक बघत होते म्हणे. घरी येऊन बाबूजी झोपले आणि उठल्यावर त्यांनी पुढची चतुर्थी कधी आहे ते विचारलं. शोरूमच्या भिंतीतल्या हुकाला आता छत्री असते.

माझा नियम त्या दिवसापासून ठरला. गिऱ्हाइकाला एकदा सांगावं, दुसऱ्यांदाही सांगावं. तिसऱ्यांदा तोंड उघडायच्या आधी ट्यूब कापून ठेवावी.